अल कपोनची खतावणी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दारूबंदीच्या काळातील शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याच्या उदयास्तावर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाची भाषा ओघवती आहे आणि शिकागोतील टोळीयुद्धाचे वर्णन वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवते, हे मोकळेपणाने मान्य करतो. परंतु लेखाच्या अखेरीस असे विधान आहे की, खुनाचा एकही आरोप सिद्ध करता न आल्यामुळे सरकारने प्राप्तिकराच्या ‘तांत्रिक पळवाटे’चा आधार घेऊन कपोनला अडकवले. याखेरीज त्याच्या पाडावाचे श्रेय इलियट नेस या अधिकाऱ्याला दिले आहे आणि कपोनचा मृत्यू अल्काट्राझच्या तुरुंगात झाल्याचे म्हटले आहे. यांपैकी शेवटची दोन विधाने तपशिलात चुकीची आहेत. पहिले मात्र, माझ्या मते, त्या संपूर्ण प्रकरणाचा अर्थच उलटा करणारे आहे. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली असल्याने हा खटला मी बरीच वर्षे आवडीने अभ्यासला आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे अशी विनंती आहे.

कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात, इटलीहून आलेल्या एका न्हाव्याच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, कोनी आयलंडवर फ्रँकी येलच्या दारूच्या गुत्त्यात नोकरी लागली आणि तिथल्याच एका भांडणात डाव्या गालावर झालेल्या वारांनी त्याला ‘स्कारफेस’ हे त्याला मुळीच न आवडणारे नाव मिळाले. पुढे जॉनी टोरिओ या टोळीवाल्याने त्याला शिकागोला बोलावून घेतले. अमेरिकेत अठराव्या घटनादुरुस्तीनुसार दारूबंदी अमलात आली तो दिवस होता १७ जानेवारी १९२०, म्हणजे कपोनचा एकविसावा वाढदिवस. हा निव्वळ योगायोग आहे, पण लेखकाने तो टिपला असता तर त्याच्या लेखाला शोभला असता.

दारूबंदीच्या कायद्याचे स्वरूप लेखात दोन ओळींत उरकले आहे. कपोन का वाढला हे मात्र त्या स्वरूपाशिवाय समजत नाही. घटनादुरुस्तीने मादक पेयांची निर्मिती, विक्री व वाहतूक यांवर बंदी घातली होती, आणि अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मादक समजावे, अशी व्याख्या वोल्स्टेड कायद्याने केली होती. दारू पिणे हा गुन्हा नव्हता. बंदीपूर्वी घरात साठवलेली दारू पिण्यास मोकळीक होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळत होती आणि धार्मिक विधींसाठीच्या वाईनलाही सूट होती. गिऱ्हाईक निर्दोष आणि दुकानदार गुन्हेगार, अशी ही रचना होती. ज्या मालाला मागणी कायम आहे आणि जो विकणारे सगळे सभ्य व्यापारी एका दिवसात बाजारातून उठले आहेत, त्या मालाचा धंदा कोणाच्या हाती जाईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. लोकांना जे हवे तेच आपण पुरवतो, अशा अर्थाचे कपोन पत्रकारांना सांगत असे. ते धूर्तपणाचे होते तरी त्यातला मागणीचा भाग खरा होता.

टोरिओचे डोके व्यापाऱ्याचे होते. बिअरचे बंद पडलेले कारखाने ताब्यात घेणे, ट्रकांची वाहतूक बसवणे, शहराचे भाग टोळ्यांमध्ये वाटून देणे, आणि पोलीस, न्यायाधीश, नगरसेवक यांना ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी पोहोचवणे ही त्याची पद्धत होती, आणि कपोन तिच्यातच तयार झाला. १९२३ मध्ये विल्यम डीव्हर हे प्रामाणिक गृहस्थ शिकागोचे महापौर झाले, तेव्हा या मंडळींनी आपला मुक्काम शहराला लागून असलेल्या सिसेरो या गावात हलवला. तिथली १ एप्रिल १९२४ ची निवडणूक त्यांनी मतदारांना धमकावून, निवडणूक कर्मचाऱ्यांना पळवून आणि उघडपणे पिस्तुले दाखवून जिंकून दिली. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीने कपोनचा भाऊ फ्रँक ठार झाला, पण गाव त्यांच्या हाती आले. सिसेरो हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण कपोनला पुढे जे नडले ते याच गावात लिहिले गेले होते.

टोळीयुद्धाची हकीकत लेखात सविस्तर आलेली असल्याने मी ती लांबवत नाही. १० नोव्हेंबर १९२४ रोजी प्रतिस्पर्धी टोळीचा म्होरक्या डीन ओबॅनियन त्याच्याच फुलांच्या दुकानात मारला गेला, जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर गोळीबार झाला आणि त्यातून वाचल्यावर त्याने सारा कारभार कपोनच्या हवाली केला. सव्वीस वर्षांच्या माणसाच्या हाती एवढे मोठे साम्राज्य आले, हे खरेच थक्क करणारे आहे. त्यानंतर ओबॅनियनच्या टोळीचा पुढचा म्होरक्या हायमी वाइस मारला गेला, आणि १४ फेब्रुवारी १९२९ रोजी नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभे करून मारण्यात आले. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या गणवेशात होते. त्या दिवशी कपोन फ्लोरिडात होता. या हत्याकांडासाठी आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही.

खुनाचा आरोप सिद्ध का झाला नाही, याचे उत्तर याच शेवटच्या दोन वाक्यांत आहे. खून करणारा हात आणि खून करवणारे डोके यांच्यामध्ये कपोनने नेहमी तीन-चार माणसांचे अंतर ठेवले. साक्षीदार बोलत नसत, आणि बोलण्याची शक्यता असलेले फार दिवस जगत नसत. पोलीस त्याच्या पगारावर होते म्हणावे, इतकी स्थिती होती. १९२९ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली, आणि तोपर्यंतची ती त्याची सर्वांत मोठी शिक्षा होती. शिकागोत तेवढेही कोणाला जमले नव्हते.

आता ‘तांत्रिक पळवाट’ या शब्दांकडे येतो. या शब्दांमागे समजूत अशी दिसते की, कपोनचा खरा गुन्हा खून हा होता आणि कर चुकवणे हा किरकोळ, बाजूचा दोष होता. मला हे मान्य नाही. कपोन हा प्रथम धंदेवाला होता. खून हे त्या धंद्याचे हत्यार होते. बिअर, जुगार आणि वेश्याव्यवसाय यांतून रोज येणारी रोकड हा त्या संघटनेचा प्राण होता. पोलीस विकत घेतले जात ते त्या रोकडीने, आणि ओबॅनियनसारख्या प्रतिस्पर्ध्यांशी वैर होते तेही त्या रोकडीच्या वाटपावरून. तिचा माग काढणे म्हणजे गुन्ह्याच्या मुळाशी जाणे होते, आणि ते काम एका बंदूकधाऱ्याला पकडण्यापेक्षा कितीतरी अवघड होते, कारण कपोनला कागदाची भीती पहिल्यापासून ठाऊक होती. त्याच्या नावावर बँकेत खाते नव्हते. मायामीजवळच्या पाम आयलंडवरील बंगला पत्नीच्या नावावर होता. व्यवहार रोखीत होत, आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र त्याने आयुष्यात कधी भरलेच नव्हते. लेखापरीक्षकाला चुकीची वही मिळाली तर तो ती दुरुस्त करून दाखवू शकतो, पण वहीच नसेल तर त्याने आरंभ कुठून करावा?

त्याआधी एक कायदेशीर प्रश्नही होता. बेकायदा धंद्याच्या नफ्यावर कर लागतो काय? १९१३ च्या अमेरिकी कर कायद्यात ‘कायदेशीर’ व्यवसायाचे उत्पन्न असा उल्लेख होता. १९१६ मध्ये त्यातला ‘कायदेशीर’ हा शब्द गाळण्यात आला. एक विशेषण वगळल्याने केवढा फरक पडतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. दक्षिण कॅरोलिनातील मॅनली सलिव्हन या चोरट्या दारूच्या विक्रेत्याने मात्र वेगळाच बचाव मांडला. असे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली देणे होय, आणि तशी सक्ती घटनेच्या पाचव्या दुरुस्तीने करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. १६ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की, विवरणपत्रातील एखाद्या प्रश्नाचे उत्तर नाकारण्याचा हक्क फार तर मागता येईल. पण पैसा गुन्ह्यातून आला म्हणून उत्पन्नाचा आकडाच सांगणार नाही, असे म्हणणे म्हणजे त्या दुरुस्तीचा अवास्तव अर्थ लावणे होय. हा निकाल कपोनसाठी बनवलेला नव्हता. त्याच्यावर खटला उभा राहण्याच्या चार वर्षे आधी, दुसऱ्याच माणसाच्या प्रकरणात, तो उघडपणे दिला गेला होता. कपोनला त्यानंतरही विवरणपत्र भरता आले असते. त्याने ते भरले नाही. याला पळवाट म्हणायचे असेल, तर पळवाट शोधणारा पक्ष कोणता होता, हे वाचकांनीच ठरवावे.

१९२९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या हर्बर्ट हूवर यांनी कपोनला गजाआड करण्यासाठी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यामागे तगादा लावला. काम आले ते अंतर्गत महसूल खात्याच्या तपास शाखेकडे. या शाखेचे प्रमुख एल्मर आयरी होते, आणि शिकागोत प्रत्यक्ष तपास करणारे अधिकारी होते फ्रँक विल्सन. त्यांनी कपोनला आधी हात न लावता त्याच्या भोवतालच्या माणसांपासून सुरुवात केली. भाऊ राल्फ कपोन याने कराची थोडी थकबाकी मान्य केली होती आणि आपल्याकडे पैसे नाहीत असे सांगून ती थोडक्यात मिटवायचा प्रयत्न चालवला होता. दुसरीकडे खोट्या नावांनी उघडलेल्या बँक खात्यांतून त्याचे लाखो डॉलर फिरत होते. १९३० मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. टोळीचा हिशेबनीस म्हणता येईल असा जेक गुझिक आणि कपोनचा उजवा हात फ्रँक निटी हेही त्याच वाटेने गेले. म्हणजे कपोनविरुद्धचा खटला अचानक सुचलेली युक्ती नव्हती. एकेक खाते तपासत, एकेक माणूस बाजूला काढत वर चढलेला तो तपास होता.

तरीही खुद्द कपोनपर्यंत पोहोचणारा कागद सापडत नव्हता. २७ एप्रिल १९२६ रोजी विल्यम मॅकस्विगिन हा तरुण साहाय्यक सरकारी वकील सिसेरोमध्ये गोळीबारात मारला गेला होता. (तो त्या रात्री बिअरच्या तस्करांसोबतच पीत बसला होता, हा त्या काळाच्या शिकागोचा एक वेगळाच अध्याय आहे.) त्यानंतरच्या संतापात ज्या धाडी पडल्या, त्यांत सिसेरोतील हॉथॉर्न स्मोक शॉप या नावाला सिगारच्या पण प्रत्यक्षात जुगाराच्या दुकानातील काही वह्या जप्त झाल्या होत्या. त्या चार वर्षे कोणीही उघडल्या नाहीत. १९३० मध्ये विल्सन यांना एका जुन्या कपाटात त्या दिसल्या. वहीत रुलेट, क्रॅप्स, फॅरो, घोड्यांवरील पैजा अशी जुगाराच्या प्रकारांची सदरे होती, रोजचा नफा होता आणि तो कोणाकोणात वाटला याच्या नोंदी होत्या. पाच लाख डॉलरच्या वर निव्वळ नफा त्या खतावणीतून दिसत होता. जप्तीच्या ढिगात चार वर्षे धूळ खात पडलेल्या वहीने अखेर काम केले, हे वाचताना मला स्वतःच्या नोकरीतील अनेक कपाटे आठवली. पण तो विषय वेगळा.

वही सापडली म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. नोंदी कोणाच्या हातच्या आहेत, आणि त्या लिहिणारा ते सांगायला न्यायालयात उभा राहील काय, हे दोन प्रश्न उरतात. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकांतील भरणा पावत्या आणि इतर कागदांवरील हस्ताक्षरे एकामागून एक ताडून पाहिली, आणि वहीतील अक्षर लेस्ली शमवे या रोखपालाचे असल्याचे निश्चित केले. शमवे १९३१ च्या आरंभी मायामीत सापडला. दुसरा रोखपाल फ्रेड रीस सेंट लुईसमध्ये मिळाला. जुगाराच्या नफ्यातून बँकेचे धनादेश कसे घेतले जात, हे तो सांगू शकत होता. दोघांनाही खटल्यापर्यंत जिवंत ठेवणे, हीच सरकारपुढची मोठी अडचण होती. या दोघा रोखपालांची नावे किती जणांना ठाऊक असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मुदतीचाही प्रश्न होता. १९२४ सालच्या करासंबंधीचा आरोप १५ मार्च १९३१ नंतर मुदतबाह्य झाला असता, म्हणून १३ मार्च रोजी, म्हणजे अवघे दोन दिवस आधी, त्या वर्षाचे आरोपपत्र गुपचूप दाखल करण्यात आले. ५ जून रोजी १९२५ ते १९२९ या वर्षांसाठी आणखी २२ आरोप ठेवले गेले. एकूण करपात्र उत्पन्न सुमारे १० लाख ३८ हजार डॉलर आणि त्यावरील कर सुमारे २ लाख १५ हजार डॉलर, असा सरकारचा हिशेब होता. कपोनच्या टोळीची वार्षिक उलाढाल दहा कोटी डॉलरपर्यंत असल्याचे आकडे त्या काळी छापून येत, आणि आपल्या लेखातही तोच आकडा आहे. त्या आकड्याच्या तुलनेत १० लाख म्हणजे काहीच नव्हे, हे खरे. पण एक अंदाज आहे आणि दुसरा सिद्ध करण्यासाठी मांडलेला हिशेब आहे, हा भेद लेखकाने पाळायला हवा होता.

कपोनच्या बाजूने झालेली सर्वांत महागडी चूक त्याच्याच वकिलाची होती, आणि ती वाचताना आजही कपाळाला हात लावावासा वाटतो. करतज्ज्ञ लॉरेन्स मॅटिंगली यांनी १९३० मध्ये तडजोडीच्या हेतूने महसूल खात्याला एक पत्र दिले. पुढे हे आपल्यावर उलटू नये, अशी काळजी घेणारी वाक्ये त्यात होती. पण आपल्या अशिलाचे उत्पन्न कोणत्या वर्षी कितीच्या वर नव्हते, याचे आकडेही त्यात होते, आणि १९२८ व १९२९ या वर्षांसाठी ती मर्यादा वर्षाला एक लाख डॉलर अशी दिली होती. ज्याने कधीच विवरणपत्र भरले नाही, त्याच्या वकिलाने उत्पन्न होते असे लेखी मान्य केले. न्यायालयाने ते पत्र पुराव्यात घेतले. तडजोडीच्या बोलण्यांतील कबुली अशी वापरावी काय, यावर कायदेपंडितांत मतभेद होऊ शकतात, आणि या मुद्द्यावर आरोपीवर अन्याय झाला असे कोणी म्हटले तर मी ते ऐकून घेईन. आपल्या लेखकाने ‘तांत्रिक’ हा शब्द याच पत्रापुरता वापरला असता, तर माझी फारशी तक्रार नव्हती.

खटल्यापूर्वी कपोनने गुन्हा कबूल करायचा आणि सरकारी वकील जॉर्ज जॉन्सन यांनी अडीच वर्षांच्या शिक्षेची शिफारस करायची, असा सौदा ठरला होता. न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी तो जुलै १९३१ मध्ये मोडीत काढला. संघीय न्यायालयाशी सौदेबाजी करता येणार नाही, हे त्यांनी भर न्यायालयात बजावले. कबुली मागे घ्यावी लागली. ६ ऑक्टोबरला खटला उभा राहिला तेव्हा कपोनच्या माणसांनी ज्युरीची यादी मिळवून लाच वाटायला सुरुवात केली असल्याची खबर विल्सन यांच्यामार्फत न्यायाधीशांपर्यंत आधीच पोहोचली होती. विल्करसन यांनी गाजावाजा केला नाही. त्या दिवशी सकाळी शेजारच्या न्यायाधीशांच्या ज्युरीची यादी त्यांनी आपल्या न्यायालयात आणवली आणि आपली तिकडे पाठवली. पेरलेले सगळे पैसे क्षणात वाया गेले.

खटल्यात सरकारने जी पद्धत वापरली तिचे मला सर्वाधिक कौतुक वाटते. उत्पन्नाचा कागद अपुरा आहे ना, मग खर्च मोजा. कपोनला सूट आणि रेशमी अंतर्वस्त्रे विकणारे दुकानदार आले, पाम आयलंडच्या बंगल्यावर काम करणारे आले, टेलिफोनची बिले आली, हिरेजडित बकलांचे हिशेब आले, शिकागोहून मायामीला तारेने पाठवलेल्या मनीऑर्डरी आल्या. कमाई शून्य सांगणाऱ्या माणसाचे घर कोणत्या पैशाने चालते, हा प्रश्न ज्युरीतील सामान्य माणसांना समजावून सांगावा लागला नाही. चेस्टर ब्रॅग या साक्षीदाराने १९२५ च्या मे महिन्यातील प्रसंग सांगितला. एका धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने नागरिकांनी हॉथॉर्न स्मोक शॉपवर धाड घातली असता कपोन स्वतः तिथे आला होता आणि या जागेचा मालक मीच, असे त्याने सर्वांसमोर सांगितले होते. सहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात उच्चारलेले ते वाक्य खतावणीला येऊन जोडले गेले. वहीतला नफा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मालकानेच देऊन ठेवले होते.

बचाव पक्षाने तर कमालच केली. मायकेल अहर्न आणि अल्बर्ट फिंक या वकिलांनी पैजा घेणारे बुकी साक्षीला उभे केले, आणि कपोन घोड्यांवर सतत मोठमोठ्या रकमा हरत असे, हे त्यांच्याकडून वदवून घेतले. हरलेले पैसे उत्पन्नातून वजा व्हावेत, असा त्यामागचा हेतू असावा. पण जुगारातील तोटा जुगारातील नफ्यातूनच वजा होऊ शकत होता. आणि हरायला आधी खिशात पैसे असावे लागतात, हे तर उघडच आहे. म्हणजे सरकारने जे कष्टाने सिद्ध केले होते त्याला बचाव पक्षाने आपल्या खर्चाने पुष्टी दिली. लेखापरीक्षेत आक्षेपाला दिलेला खुलासाच दुसरा आक्षेप ठरतो, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. इतके नामांकित उदाहरण मात्र दुसरे नाही.

१७ ऑक्टोबर १९३१ रोजी रात्री निकाल आला, आणि तोही आपल्या लेखात म्हटल्याप्रमाणे ‘सर्व आरोपांत दोषी’ असा नव्हता. १९२४ च्या आरोपातून कपोन सुटला. उरलेल्या २२ पैकी फक्त पाच आरोप सिद्ध झाले: १९२५, १९२६ व १९२७ या वर्षांचा कर चुकवल्याचे तीन गंभीर गुन्हे, आणि १९२८ व १९२९ ची विवरणपत्रे न भरल्याचे दोन सौम्य गुन्हे. सूड म्हणून बनवलेला खटला असता, तर ज्युरीने एवढी निवड केली नसती. २४ ऑक्टोबरला शिक्षा सुनावली गेली: दहा वर्षे संघीय तुरुंगात, एक वर्ष काउंटी तुरुंगात, ५० हजार डॉलर दंड, शिवाय खटल्याचा खर्च आणि थकलेला कर. करचुकवेगिरीसाठी तोपर्यंत इतकी कडक शिक्षा झालेली नव्हती, आणि विल्करसन यांच्या मनात केवळ कर नव्हता असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. शिक्षेचे माप आणि गुन्ह्याचा खरेपणा हे दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवले पाहिजेत.

इलियट नेस यांच्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. ते दारूबंदी खात्याचे तरुण अधिकारी होते, लाच घेत नव्हते, आणि त्यांच्या छोट्या पथकाने कपोनचे बिअरचे कारखाने फोडून त्याचे नुकसान केले, हे निर्विवाद आहे. त्यांच्या कामातून दारूबंदी कायद्याच्या हजारो उल्लंघनांचे एक वेगळे आरोपपत्र जून १९३१ मध्ये दाखलही झाले. परंतु ते आरोप कधीच सुनावणीला आले नाहीत, आणि ज्या पाच आरोपांवर कपोन तुरुंगात गेला त्यांत नेस यांच्या धाडींचा पुरावा नव्हता. नेस १९५७ मध्ये वारले. त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली. तेव्हापासून लोकांच्या मनात कुऱ्हाडीने पिंपे फोडणारा अधिकारी बसला. वह्या चाळणारे विल्सन आणि आयरी त्या चित्रात कुठे दिसत नाहीत. हस्ताक्षरे ताडणाऱ्या माणसाचे चित्र काढणे कठीण आहे, हे मी समजू शकतो.

लेखात कपोनच्या मोफत सूपगृहाचे वर्णन फार प्रेमाने आले आहे. १९३० च्या अखेरीस, मंदीच्या काळात, साउथ स्टेट स्ट्रीटवर त्याने बेरोजगारांसाठी ते उघडले होते आणि हजारो लोक तिथे जेवले, हे खरे आहे. भुकेल्या माणसाने ताट वाढणाऱ्याचा इतिहास विचारावा, अशी माझी अपेक्षा नाही. परंतु त्याच काळात विल्सन यांच्या टेबलावर त्याच माणसाची खतावणी उघडी पडलेली होती, एवढे तरी लेखकाने नमूद करायला हवे होते. ‘गरिबांचा कैवारी’ हे विशेषण कपोनने स्वतः वर्तमानपत्रांच्या मदतीने कमावलेले आहे. ते आज आपण त्याला फुकट देऊ नये.

राहता राहिला मृत्यू. कपोनला मे १९३२ मध्ये अटलांटाच्या तुरुंगात आणि ऑगस्ट १९३४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या अल्काट्राझमध्ये नेण्यात आले. तिथे तो ८५ क्रमांकाचा कैदी होता. दारूबंदी त्याआधीच, ५ डिसेंबर १९३३ रोजी, एकविसाव्या घटनादुरुस्तीने संपली होती. टोळी मात्र संपली नव्हती. निटी आणि त्याच्यानंतरच्यांनी ती पुढे अनेक वर्षे चालवली. आपल्या लेखात ‘कपोनबरोबर शिकागोची गुन्हेगारी संपली’ असे सुचवले आहे, तेही यामुळे टिकत नाही. तरुणपणी झालेला उपदंश तुरुंगात मेंदूपर्यंत पोहोचला आणि कपोनची बुद्धी ढासळत गेली. साडेसात वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९३९ रोजी, तो सुटला. बाल्टिमोरमधील एका नामवंत रुग्णालयाने त्याला दाखल करून घेण्यास नकार दिला, दुसऱ्याने घेतले, आणि त्या दुसऱ्या रुग्णालयाला त्याने कृतज्ञतेने चेरीची दोन झाडे भेट दिली. पुढची वर्षे त्याने पाम आयलंडच्या त्याच बंगल्यात, कुटुंबीयांच्या देखरेखीखाली काढली, आणि तिथेच २५ जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पक्षाघाताच्या झटक्यानंतर हृदयक्रिया बंद पडून तो वारला.

तेव्हा मृत्यूचे ठिकाण, नेस यांचा सहभाग आणि ‘सर्व आरोपांत दोषी’ हे तीन उल्लेख पुढील पुरवणीत दुरुस्त करावेत, ही विनंती. ‘तांत्रिक पळवाट’ हे लेखकाचे मत आहे, आणि ते बदलावे असा आग्रह मी धरू शकत नाही. त्यांनी सलिव्हन प्रकरणाचा १९२७ चा निकाल एकदा मुळातून वाचावा, इतकेच सुचवतो. तो अगदी लहान आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक